दोन पाण्यांची शीव

कोकणात खाडीवर गळ टाकणारा माणूस पंचांग बघून घराबाहेर पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तिथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. आज सकाळी आठला आलेली भरती उद्या पन्नासेक मिनिटं उशिरा येणार. गोडं पाणी खाली उतरतं, खारं वर चढतं, आणि दोन्ही जिथं एकमेकांत शिरतात तिथं मासा जमतो.

नांदेडला समुद्र नाही. पण भरती आहे, ओहोटीही आहे. पूर्वेला धर्माबाद तालुका संपतो आणि तेलंगणातलं कंदकुर्ती दिसू लागतं, तिथं मांजरा गोदावरीला मिळते. या संगमावर पाणी कधी वर चढतं, कधी खाली उतरतं, कधी नुसतं उभं राहतं. आमचं पंचांग तीन ठिकाणी लिहिलं जातं: गोदावरीवर वरच्या अंगाला बाभळीचा बंधारा, खालच्या अंगाला पोचंपाडचं श्रीरामसागर धरण, आणि मांजरेवर निझामसागर. नदीकाठी शाळा शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि सुट्ट्या गळाच्या दोरीवर गेल्या. त्या दोरीनं मला शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे हे पंचांग वाचणं. आमिष, गळ, दोरीची जाडी हे सगळं त्यानंतर.

बाभळीची तारीख तर न्यायालयानंच ठरवून दिलेली आहे. बंधाऱ्याला 14 दरवाजे, साठवण 2.74 टीएमसी. पण बंधारा श्रीरामसागराच्या फुगवट्यात येतो म्हणून दोन राज्यांत वाद झाला, आणि 28 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील, पाण्याला अडवायचं नाही. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं या निकालाचं दुःख मोठं आहे. पावसाळ्याचं पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं. ते दुःख खरं आहे आणि मी त्याच गावांत राहतो. पण मासे धरणारा म्हणून मला त्याच तारखांत दुसरंही काही दिसतं. वर्षातले चार महिने नदीचा हा तुकडा उघडा असतो, आणि ते चार महिने माशांच्या चढणीचे आहेत.

रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं, चढतं, नवं पाणी लागतं. उभ्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती सोडत नाही. 1957 च्या 10 जुलैला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात अंडी घालायला लावली. आज मराठवाड्यातल्या तलावांत सोडली जाणारी बोटुकली त्या एका यशामुळं मिळते, आणि 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मला मात्र पुरात, उघड्या दरवाज्यांतून, आपल्या अंगच्या जोरावर वर गेलेल्या माशाचं अप्रूप जास्त आहे. याच गोदावरीवर खाली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा आहे, मूळचा आर्थर कॉटननं बांधलेला. पावसाळ्यात समुद्रातून हिलसा नदीत शिरते. तिकडं तिला पुलसा म्हणतात आणि तिच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. त्या बंधाऱ्यापाशी तिची वाट संपते. आमचा मासा कुठवर जाणार हेही दरवाजेच ठरवतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी गळ बाहेर काढत नाही, आणि कुणी चढणीचे मासे पिशव्या भरभरून आणले की मला ते खाववत नाहीत.

गेल्या खेपेला आम्ही गेलो ते ऑक्टोबरच्या अगदी शेवटी, बाभळीचे दरवाजे उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मुद्दामच हा दिवस धरला होता. सोबत लातूरचा मित्र. तो डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. माणूस आकड्यांचा, पण पाण्यावर बसला की तासन् तास बोलत नाही. होडी भोईकाकांची, पत्र्याची, बुडाला डांबर फासलेली. काकांचं घर महाराष्ट्रात, अर्धे सोयरे तेलंगणात. मासा ते दोन्ही भाषांत धरतात.

होडीत पाय ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘‘गुरुजी, पोचंपाड किती?’’

हे फुटांत विचारायचं असतं. श्रीरामसागर पूर्ण भरलं म्हणजे 1091 फूट. मी फोनवर बघून सांगितलं, दोन फूट कमी.

‘‘म्हंजी खालचं पाणी हितं टेकलंय,’’ काका म्हणाले. ‘‘गोदावरी उभी राहील. मांजरा चालायलीय अजून.’’

परतीचा पाऊस लांबलेला होता आणि मांजरेला वरून पाणी येत होतं. एरवी या संगमावर गोदावरीचा जोर मोठा. मांजरा तिच्या कुशीला लागून दबकत येते. त्या दिवशी वरून बाभळीनं गोदावरीचा श्वास धरला होता, खालून पोचंपाडचा फुगवटा टेकलेला, आणि मधे मांजरा आपल्या काळ्या मातीचं गढूळ पाणी घेऊन थेट पात्रात शिरली होती. इतकंच नाही, तर गोदावरीत थोडी उलटी, वरच्या अंगालाही पसरत होती. हे कागदावर समजतं, पण पाण्यावर ते शोधावं लागतं. आम्ही नेहमी बसतो ती जागा, पात्रातल्या जुन्या शिवालयाच्या खालच्या बाजूची, त्या दिवशी मेलेली होती. मोठ्या पुरात हे देऊळ पाण्याखाली जातं. काका त्याच्या दगडावरची ओल बघूनच पाणी रात्रीतून चढलं की उतरलं ते सांगतात. बोटभर चढलं होतं.

शीव शोधायची कशी, हे काकांकडून मी वर्षानुवर्षं शिकतो आहे. रंगावर विसंबू नये, ऊन तिरपं असेल तर रंग फसवतो. फेसाची रेघ बघायची. दोन पाणी वेगवेगळ्या वेगानं चालतात तिथं फेस, काडीकचरा, बाभळीच्या शेंगा एका ओळीत जमतात आणि ती ओळ हळूहळू वळत राहते. मग हात बुडवून बघायचं. ऑक्टोबरच्या सकाळी वाहतं पाणी आणि उभं पाणी यांच्यातला फरक मनगटाला कळतो. मग पाखरं. नदीसुरय एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा सूर मारत असेल तर खाली बारीक मासळी आहे, आणि बारीक मासळीच्या खाली मोठा मासा असतोच. पाणकावळे मात्र खडकावर पंख वाळवत बसलेले असतील तर त्यांचं पोट भरून झालेलं आहे, त्यांच्यावरून जागा ठरवू नये. शेवटी बुडबुडे. मृगळ तळ उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची माळ वर येते; चिखलातून नुसती हवा सुटते तेव्हा एकदोन मोठे बुडबुडे येऊन थांबतात.

काकांनी वल्हं थांबवलं ते देवळाच्या वर, गोदावरीच्या पात्रात, जिथं आम्ही कधी बसलो नव्हतो. दोरीला बांधलेला दगड सोडला. ‘‘हितं पाणी फिरायलंय. गप बसा जरा.’’

होडीच्या एका अंगाला हिरवट, आरपार दिसणारं पाणी. दुसऱ्या अंगाला काळपट. मधली रेघ होडीच्या लांबीएवढ्या अंतरावर, सरळ नव्हे, नागमोडी, आणि सतत जागा बदलणारी. मित्र बराच वेळ गळ न लावता तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘हे माझ्या गावचं पाणी हाय का?’’

मांजरा बीडमध्ये पाटोद्याच्या डोंगरात निघते, लातूर जिल्ह्यातून जाते, औराद शहाजानीजवळ तेरणेला घेते, बिदरकडे वळते, मग सिंगूर, निझामसागर, आणि उत्तरेला उलटी फिरून इथं. सगळी मिळून 724 किलोमीटर. मधे एवढी धरणं की लातूरचा थेंब इथवर यायला चांगलं पावसाचं वर्ष लागतं. तो ज्या वर्षाचा विचार करत होता ते मला न सांगता कळलं. 2016 च्या एप्रिलमध्ये धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली जलदूत गाडी 12 एप्रिलला पोचली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हा तो घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला आहे. त्या उन्हाळ्यानंतरच तो मला पहिल्यांदा म्हणाला होता, मला एकदा भरल्या पाण्यावर ने, मासे नाही मिळाले तरी चालंल.

मी त्याला म्हटलं, यंदा असेल. यंदा पाऊस झालाय.

मग आम्ही गळ लावले. गढूळ बाजूला तळाशी शिसं सोडून गांडूळ, शिंगाड्यासाठी. हिरव्या बाजूला बोया लावून पेंडीचा गोळा, रोहूसाठी; शेंगदाण्याची पेंड, थोडी कणीक, हळद. कटला वरच्या थरात वावरतो, त्याचं तोंड वर वळलेलं असतं, रोहू मधल्या थरात, त्याच्या खालच्या ओठाला झालर असते, मृगळ तळाशी. तिघांचं तोंड बघितलं की गळ किती खोल सोडायचा ते वेगळं विचारावं लागत नाही. मुलांना मी विज्ञान शिकवताना हे तीन मासे वर्गात घेऊन जात असे, आणि पोरं नाक दाबून का होईना, पण जवळ येऊन बघत.

शिवेवरची मासेमारी म्हणजे सारखं हलणं. खाडीतला माणूस सहा तासांची भरती समोर ठेवून बसतो. इथं रेघ अर्ध्या तासात होडीखालून सरकते आणि तुमचा बोया चुकीच्या पाण्यात राहतो. काका दगड उचलायचे, दोन हात वल्हं मारायचे, पुन्हा दगड. मित्राला सुरुवातीला वाटलं, एवढी घाई कशाला. दुपारपर्यंत तोच रेघेवर नजर ठेवून ‘‘काका, सरकायलंय’’ म्हणू लागला. माझ्या मते गळ टाकायला येणं म्हणजे हेच. मासा ओढणं नंतर कुणालाही जमतं.

पहिला ओढा त्याच्याच दोरीला. शिंगाडा, हातभर. शिंगाडा धरताना पाठीचा आणि दोन्ही बाजूंचे काटे सांभाळावे लागतात. ते ताठ होतात आणि तळहातात घुसले तर दोन दिवस ठणकतं. काकांनी ओल्या गोणपाटात मासा दाबून धरला, गळ काढला. नंतर मला एक रोहू मिळाला, दीड-दोन किलोचा. रोहू होडीपाशी आला की एकदम खाली डोकं घालतो, त्या क्षणी दोरी सोडायची असते. हे हाताला माहीत असलं पाहिजे, डोक्यातून हुकूम येईपर्यंत मासा गेलेला असतो. मग बराच वेळ काही नाही. मग मृगळ दोन, लागोपाठ, अगदी रेघेवर.

दुपारी होडीतच ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. काका मरळीबद्दल बोलत राहिले. तेलंगणानं तिला राज्याचा मासा केलंय, कोर्रमीनु म्हणून, आणि निझामाबादकडच्या बाजारात तिला मोठा मान. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून जिवंत विकता येते. पण पिल्लांचा लालसर गोळा पाण्यावर तरंगताना दिसला की त्याच्याखाली आई-बाप राखण करत असतात, आणि लोक नेमका तिथंच गळ टाकतात, कारण राखणारी मरळ समोर आलेल्या कशावरही तुटून पडते. ‘‘त्याला मासा धरणं म्हणत न्हाईत गुरुजी,’’ काका म्हणाले. आई गेली की तो गोळा चिलापी आणि पाखरं एका दिवसात संपवतात. काकांच्या घरात तसा मासा शिजत नाही. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी लावणाऱ्यांवरही त्यांचा राग आहे. बोटुकलीच उचलली तर पुढं तंगुसाच्या जाळ्यात काय येणार?

वाळूच्या तराफ्यांबद्दल ते कमी बोलतात. माझा मात्र जीव त्यानं तुटतो. नांदेडपासून इथवर पात्रातली वाळू रात्रंदिवस उपसली जाते, आणि वाळू गेली की उथळ पाण्याचे काठ जातात. तळ खोल आणि चिखलाचा झाला की पिल्लांना जगायला जागाच उरत नाही. दरवाजे तारखेला उघडतील, मासा वर येईलही. पण आल्यावर थांबायला काठ तर हवेत.

चारच्या सुमाराला मांजरेचा जोर ओसरला आणि रेघ विरघळली. सगळीकडे एकच मातकट हिरवा रंग झाला. आणखी बसण्यात अर्थ नव्हता. काठावर येऊन मासे वाटून घेतले. शिंगाडा काकांना, कारण त्यांच्या घरी तो येसूर आणि चिंच घालून जसा करतात तसा आमच्याकडे कुणालाच जमत नाही.

मित्र खडूनं होडीच्या पत्र्यावर आकडे मांडत होता. 0.6 टीएमसी म्हणजे साधारण 1,700 कोटी लिटर. लातूरला नंतर ज्या 50 वाघिणींच्या गाड्या आल्या त्यांत साधारण 25 लाख लिटर यायचं. म्हणजे एक मार्चला बाभळीतून जे पाणी सुटणार ते तसल्या 6,800 गाड्यांचं. तो हा आकडा दोनदा तपासून बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मला ते पाणी सुटताना बघायचंय.’’

‘‘एकला बघायला या,’’ काका म्हणाले, ‘‘पर गळ आणू नका. पहिल्या दिवशी पाणी नुसता केरकचरा घिऊन येतंय, मासा तोंड उघडत न्हाई. दोनला बी न्हाई. तीनला सकाळी या, पेंड ताजी आणा, आन् देवळाच्या खालच्या अंगालाच बसू. तवा मांजरा आटलेली असती, जोर गोदावरीचा असतोय.’’

मित्रानं तीन मार्चची रजा टाकायचं तिथंच ठरवलं.