जिवंत आहे, पण बाधेल का?

पाण्यातला परजीवी मोजणं वेगळं आणि तो वाढवून पाहणं वेगळं. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. पाणी गाळायचं, गाळात चमकणारी प्रतिपिंडं मिसळायची आणि चार ते सहा मायक्रॉनचे हिरवे गोळे शोधायचे. हे गोळे म्हणजे ऊसिस्ट, परजीवीची कवचात बंद असलेली अवस्था. गोळा दिसला की परजीवी पाण्यात आहे एवढं कळतं. तो माणसाला आजारी पाडेल का, हे जाणून घ्यायचं तर त्याच्यापुढे माणसाच्या पेशी ठेवाव्या लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी एचसीटी-८ या पेशी असतात. एका रुग्णाच्या आतड्याच्या कर्करोगातून त्या मिळवल्या गेल्या आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. या कामातला बराचसा वेळ परजीवीपेक्षा पेशींच्याच देखभालीत जातो, आणि तो तसाच जायला हवा असं मला वाटतं. फ्लास्कच्या तळाशी पेशींचा थर सलग भरलेला हवा, पण जुना झालेला नको. मीडियमचा, म्हणजे पेशींच्या अन्नद्रवाचा, लाल रंग पिवळटला की पेशींनी अन्न संपवलं. पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन हे विकर घालून फ्लास्कला तळहाताने हलकी थाप दिली की दुधावरची साय सरकावी तसा थर सरकतो. त्या क्षणी थांबायला हवं. जरा उशीर झाला तरी पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात, आणि परजीवी तर त्या पृष्ठभागावरच येऊन चिकटणार असतो. घड्याळ लावून हे साधत नाही. नजर तयार व्हावी लागते.

ऊसिस्टची तयारी मला आजही थक्क करते. पेशींवर टाकण्याआधी ते ब्लीचमध्ये ठेवतात. सोबतचे जीवाणू मरतात, ऊसिस्टना काही होत नाही. मग आम्ल, मग पित्तक्षार आणि ३७ अंशांची ऊब. जठर आणि आतडं ओलांडल्याच्या खुणाच जणू आम्ही त्याला देतो. कवच उसवतं आणि आतून चार स्पोरोझोइट, म्हणजे बाधा करणारे परजीवी, बाहेर पडतात. ते पेशीच्या पटलाखाली शिरतात, पण पेशीद्रवात उतरत नाहीत. त्या अधल्यामधल्या जागेत प्रत्येकाचे आठ होतात, ते आठ नव्या पेशी गाठतात. दोन दिवसांनी रंगवून पाहिलं की जिथे बाधा झाली तिथे चमकते पुंजके दिसतात. शेजारच्या खणात उष्णतेने मारलेले ऊसिस्ट घातलेले असतात. तिथे पुंजका दिसता कामा नये. तो खण कोरा असेल तरच पहिल्या खणावर विश्वास ठेवायचा.

ब्लीचला न जुमानणारा हा जीव १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळांतून घराघरांत पोहोचला. सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले असा अंदाज आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं. पाण्याच्या तपासणीत शोधला जाणारा ई. कोलाय हा जीवाणू क्लोरीनने मरतो, म्हणून तो सापडला नाही एवढ्यावरून या परजीवीबद्दल निश्चिंत होता येत नाही. पावसाळ्यात हंड्यात क्लोरीनचे थेंब टाकणाऱ्या आपल्या घरांनीही हे लक्षात ठेवावं. थेंब पुष्कळ रोगजंतू मारतात, ते टाकावेतच. पण घरात तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण असेल, तर पाणी उकळायलाच हवं.

वाढवून पाहण्याचं मोल सगळ्यात स्पष्ट दिसलं ते अतिनील किरणांच्या बाबतीत. किरण दिल्यावरही ऊसिस्ट रंगांच्या चाचणीत जिवंत दिसायचे, त्यांची कवचंही उघडायची. त्यामुळे या परजीवीपुढे अतिनील किरण दुबळे आहेत असं मानलं जाई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेच ऊसिस्ट उंदरांना देऊन पाहिले, पेशींवर घालून पाहिले. अगदी कमी मात्रेनेही त्यांची बाधा करण्याची ताकद गेलेली होती. डीएनए बिघडल्यामुळे त्यांना पुढची पिढी काढता येत नव्हती. रंगाने दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, प्रश्नच अपुरा होता. आज मोठमोठ्या शहरांचं पाणी या किरणांखालून जातं.

आमच्या थरालाही मर्यादा आहे. एचसीटी-८मध्ये दोन दिवसांनी नर आणि मादी अवस्था तयार होतात, पण त्यांचं मीलन होत नाही. तिसऱ्या दिवसानंतर वाढ ओसरते, नवे ऊसिस्ट बनत नाहीत. म्हणून ताज्या ऊसिस्टसाठी बाधित वासरांवर अवलंबून राहावं लागतं. २०१९मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आतड्याच्या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या, खालून अन्न दिलं, वरची बाजू हवेला उघडी ठेवली. तिथे परजीवीचं पूर्ण जीवनचक्र घडलं, बाधा करणारे नवे ऊसिस्टही मिळाले. ही पद्धत खर्चिक आणि कष्टाची आहे, तरी मी तिच्याच बाजूची आहे. कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तान्ह्या मुलांच्या गंभीर अतिसाराच्या प्रमुख कारणांत हा परजीवी निघाला. या परजीवीवर अमेरिकेत मान्यता असलेलं औषध एकच, निटाझोक्सानाइड. एक वर्षाखालच्या बाळांसाठी त्याला मान्यता नाही, आणि एड्समुळे प्रतिकारशक्ती गेलेल्यांना त्याचा भरवसा नाही. परजीवीचं मीलन रोखणारं औषध शोधायचं, तर आधी ते मीलन जिथे होतं असा थर हाताशी असायला हवा.