घानाच्या रानात, कान उघडे ठेवून

पुणे

प्रिय मंदा,

घानाहून परत आले. फोनवर पाच-दहा मिनिटांत काय सांगून होणार, म्हणून बैठक मारून लिहायलाच घेतलंय. तूही चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे. शिवाय नातीच्या पोपटाबद्दल तू विचारलंस त्याचं उत्तरही यातच आहे, पण ते शेवटी.

आधी ककूम. केप कोस्टच्या किनाऱ्यापासून आत, गाडीने तासाभराच्या अंतरावर हे राष्ट्रीय उद्यान आहे. पाऊस भरपूर, झाडं प्रचंड उंच. अशा सदाहरित रानात जमिनीवरून पक्षी बघायचे म्हणजे नुसती मान अवघडते, कारण पानांचं छत वर आणि बरेचसे पक्षी त्या छताच्याही वर. म्हणून १९९५ साली तिथे झाडांच्या माथ्यांना बांधून झुलते पूल केले. एकापाठोपाठ सात पूल, मिळून साडेतीनशे मीटर लांब, आणि पायाखाली काही ठिकाणी चाळीस मीटर मोकळी हवा. चालायला एकच फळी, दोन्ही बाजूंना दोरांची जाळी. फळीवर पहिलं पाऊल टाकताना पोटात कालवलं. पण दोन पुलांच्या मध्ये झाडाच्या खोडाभोवती लाकडी मचाण असतं, तिथे पोचलं की जीव निवांत होतो आणि पक्षी डोळ्यांसमोर येतात. शब्दशः समोर, बघायला मान वर करावी लागत नाही.

आम्ही दिवस उजाडायच्या आत वर जाऊन थांबलो होतो. आमचा गाईड जवळच्याच गावातला, तिशीतला मुलगा. दुर्बीण गळ्यात होती, पण पहिला अर्धा तास त्याने ती उचलली नाही. डोळे अर्धवट मिटून नुसता ऐकत उभा. आणि हलक्या आवाजात एकेक नाव सांगत होता: हा शिंजीर, हा तांबट, तो लांबवर बोलतोय तो कोकिळेच्या कुळातला, आणि ही शीळ पक्ष्याची नाही, खारीची आहे. मला सगळा एकच कालवा वाटत होता. तासाभराने त्यातले दोन-तीन आवाज वेगळे व्हायला लागले, तेव्हा जो आनंद झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. पावसाळी रानात पक्षी बघायला जातात असं आपण म्हणतो, पण खरं काम कानांचं असतं.

अगं, तिथे तास-तास काही दिसत नाही आणि मग एकदम मिश्र थवा येतो. दहा-पंधरा जातींचे कीटक खाणारे पक्षी एकत्र फिरतात. कोणी पानाच्या खालच्या बाजूला शोधतो, कोणी सालीत, कोणी उडालेला किडा हवेत टिपतो. जास्त डोळे म्हणजे शिकाऱ्यापासून जास्त राखण, आणि एकाने उठवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी. पाच मिनिटांत सगळा थवा समोरून निघून जातो. त्या पाच मिनिटांत कोणाकडे बघायचं? गाईडने सांगितलं, एकच पक्षी धरा, त्यालाच शेवटपर्यंत बघा. मी एक काळा वेडा राघू धरला. आपल्याकडच्या हिरव्या राघूचाच भाऊबंद, पण काळाभोर, गळा लालभडक आणि पोटावर निळे ठिपके. निष्पर्ण फांदीच्या टोकावर बसायचा, झेप घ्यायचा, माशी घेऊन त्याच फांदीवर परत. ती माशी फांदीवर आपटून घ्यायची रीत अगदी आपल्या राघूसारखी.

धनेशांविषयी वेगळंच पत्र लिहावं लागेल. चिपळूणच्या बाजूला आपण मोठा धनेश पाहिला होता, त्याच्या पंखांचा घरघराट तुझ्या लक्षात असेल. ककूममध्ये तो आवाज दिवसातून कितीदा तरी डोक्यावरून जातो, कारण तिथे धनेशांच्या अनेक जाती आहेत. पांढऱ्या तुऱ्याचा एक धनेश तर माकडांच्या टोळीमागून फिरतो. माकडं फांद्या हलवतात, किडे उडतात, आणि याचं जेवण होतं. गाईडने माकडांचा आवाज ऐकला तेव्हाच आम्हाला सांगून ठेवलं, आता मागून पांढरं डोकं येईल. आलंच.

केप कोस्टचा तो किल्लाही पाहिला, जिथल्या कोठड्यांतून माणसं गुलाम करून जहाजांत भरली गेली. त्याबद्दल या पत्रात लिहिणार नाही. पक्ष्यांच्या मधेच दोन ओळींत उरकावं असं ते नाही.

ज्याच्यासाठी मी मुळात गेले होते तो पक्षी यानंतर भेटला. पिकाथार्टिस. डोक्यावर एकही पीस नाही, पिवळीधमक कातडी, आणि मागच्या बाजूला कानांवर हेडफोन लावावेत तसे दोन काळे गोल. पाठ करडी, पोट पांढरं, पाय लांब. पश्चिम आफ्रिकेत गिनीपासून घानापर्यंतच्या रानपट्ट्यातच ही जात आहे, बाकी जगात कुठेही नाही. डेव्हिड अ‍ॅटनबरो १९५४ साली सिएरा लिओनला गेले ते याच पक्ष्याच्या शोधात. घानात तर तो नाहीसाच झाला असं धरून चालले होते, २००३ साली पुन्हा सापडला.

बोंक्रो नावाच्या गावातून चालत जायचं. आधी कोकोच्या बागा, मग रान, मग शेवटचा चढ. वर एक अजस्र खडक पुढे झुकलेला, आणि त्याच्या पोटाला चिखलाची घरटी चिकटवलेली. खडकाचं छप्पर हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात घरटं वाहून जाईल. म्हणून असा खडक आणि भोवती रान, दोन्ही असेल तिथेच हा पक्षी घर करतो. अशा जागा मोजक्या असतात, आणि रान तोडलं की खडक असूनही तो तिथे राहत नाही.

दुपार कलल्यावर आम्ही समोरच्या बाकावर बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. घामाने चष्मा धूसर होत होता तरी पुसायला हात उचलायचा नाही. बराच वेळ गेला. मग गाईडने माझ्या कोपराला बोट लावलं. डावीकडच्या वेलीवर तो होता. आला कधी, कुठून, काही कळलं नाही, पंखांचा आवाजच नाही. वेलीवरून दगडावर, दगडावरून जमिनीवर, लांब पायांवर मोठ्या मोठ्या उड्या. मग माझ्यापासून चार-पाच मीटरवर थांबला आणि मान तिरकी करून एका काळ्याभोर डोळ्याने बघत राहिला. मंदा, इतक्या जवळून इतका अनोळखी चेहरा मी कधी पाहिला नव्हता. याच्या कुळाचे जवळचे नातलग कोण, तर दक्षिण आफ्रिकेतल्या खडकांवरचे उड्या मारणारे पक्षी आणि थेट मलेशिया-इंडोनेशियाच्या रानातला एक जमिनीवरचा पक्षी. अधल्यामधल्या एवढ्या मुलखात कोणी नाही. केवढं जुनं कूळ असेल!

बघायला येणाऱ्यांकडून गाव पैसे घेतं, आणि वाट दाखवायला गावातलंच कोणी बरोबर येतं. हे मला फार पटलं. त्या खडकाला राखणदार मिळाले ते यामुळेच. पूर्वी त्याच वाटेने शिकारी जायचे.

मग उत्तरेचा लांबलचक प्रवास. वाटेत प्रा नदीवर थांबून खडकांवरच्या आर्ली पाहिल्या. पक्षी देखणे, पण नदी गढूळ पिवळी. वरच्या अंगाला बेकायदा सोनं उपसतात, त्याचा गाळ. जेवणाची तुला काळजी असते म्हणून सांगते: चवळी पामतेलात, टोमॅटो-कांद्यात शिजवतात आणि बरोबर तळलेली पिकी राजेळी केळी देतात. सुकी मासळी घालू नका म्हणून सांगितलं की झालं. मी रोज तेच खाल्लं आणि कंटाळले नाही.

कुमासीच्या पुढे झाडं हळूहळू बुटकी होत जातात, मधे गवत शिरतं, सहारातून येणाऱ्या हरमटान वाऱ्याची धूळ आभाळात दिसायला लागते, आणि मोले येतं. घानाचं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, सुमारे ४८०० चौरस किलोमीटर. ताडोबा बफरसकट धरलं तरी त्याच्या अडीचपटीहून मोठं. इथे उलट कारभार. रानात कानांवर भिस्त होती, इथे सगळं उघड्यावर. सोबत बंदूकधारी रेंजर, कारण हत्ती पायवाटेवर येतात. निळे तास, लाल गळ्याचे वेडे राघू, दाढीवाले तांबट, सगळे खुशाल दर्शन देतात. एक जांभळा तुराको झाडावरून उडाला आणि त्याचे पंख आतून किरमिजी निघाले. त्या लाल रंगात खरोखरचं तांबं असतं. तांब्यापासून झालेलं हे रंगद्रव्य तुराको सोडून दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात नाही. पांढऱ्या व्होल्टा नदीच्या वाळूत इजिप्शियन प्लोव्हर पाहिला. तो अंडी वाळूत पुरतो, आणि ऊन चढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन त्या वाळूवर बसतो, अंडी थंड राहावीत म्हणून.

पण मोलेत मनात बसला तो रातवा. संध्याकाळी धावपट्टीवर गेलो. विमानं क्वचितच येतात, मोकळं मैदान आहे. विणीच्या दिवसांत या जातीच्या नराच्या प्रत्येक पंखात एक पीस अतोनात वाढतं. लांब उघडी काडी आणि टोकाला रुंद झेंडा. साधं उडताना ते झेंडे मागे लोळतात. मादी जवळ असली की मात्र तो संथ, थरथरत्या पंखांनी उडतो आणि दोन्ही झेंडे सरळ वर उभे करतो. अंधुक उजेडात काड्या दिसत नाहीत, त्यामुळे एका पक्ष्याच्या वर दोन छोटे पक्षी तरंगताहेत असंच वाटतं. वीण झाली की ती पिसं गळून जातात. एवढी लांब पिसं वाढवायची ती या थोड्या दिवसांसाठी.

आता पोपटाचं. नातीला करडा पोपट हवाय, तुमच्या शारजात सहज मिळतो, आणि 'तू पक्ष्यांतली आहेस म्हणून विचारते' असं तू लिहिलंस.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक करडा पोपट आहे. कुकरची शिट्टी, लिफ्टचा दरवाजा, घरातल्या आजोबांचा खोकला, सगळं हुबेहूब करतो. म्हणजे मी त्याचा आवाज वर्षानुवर्षं ऐकतेय. घाना हा त्याचा मूळ मुलूख. ककूमच्या मचाणावर मी गाईडला विचारलं, करडा पोपट कधी येईल? तो म्हणाला, माझी आई सांगते, संध्याकाळी थवेच्या थवे गावावरून जायचे. मी स्वतः मोजकेच पाहिलेत. साऱ्या सहलीत आम्हाला एकाचीही शीळ ऐकू आली नाही. ज्याच्या कानांना शंभर आवाज पाठ, त्याला हा आवाज रानातून ऐकू येत नाही.

२०१६ साली घानातला एक अभ्यास छापून आला. १९९०च्या सुरुवातीपासून तिथले ९० ते ९९ टक्के करडे पोपट नाहीसे झाले. रात्री मुक्कामाला जिथे प्रत्येकी ७०० ते १२०० पोपट उतरायचे अशा तीन जागांवर अभ्यासकांना मिळून अवघे १८ दिसले. त्यांच्या ढोल्यांची उंच झाडं तुटली हे आहेच, पण पिंजऱ्यासाठीची धरपकडही आहे. १९८२ ते २००१ या काळात तेरा लाखांहून जास्त रानटी करडे पोपट आफ्रिकेतून कागदोपत्री, रीतसर बाहेर गेले. चोरून नेलेले आणि वाटेत मेलेले त्यात धरलेले नाहीत. जानेवारी २०१७ पासून रानटी करड्या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

दुकानदार सांगेल, हा पिंजऱ्यातच जन्मलेला. असेलही. पायात जोड नसलेली बंद कडी आहे का बघ. ती पिल्लू लहान असतानाच पायात चढते, मोठ्या पक्ष्याला घालता येत नाही. कागदपत्रं माग. इथे भारतात तर २०२४च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची नोंदणी करावीच लागते. पण सगळं चोख निघालं तरी माझं उत्तर नाहीच आहे. तो चाळीस-पन्नास वर्षं जगतो. थव्यात वाढणारा पक्षी, घर दिवसभर रिकामं असलं की स्वतःचीच पिसं उपटतो. तुझी नात आज नऊ वर्षांची. ती कॉलेजला जाईल तेव्हा त्याच्याशी कोण बोलेल?

त्यापेक्षा तिला आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घेऊन दे, पैसे मी देते. आणि तुमच्याच शारजातल्या खोर कल्बाच्या खारफुटीत घेऊन जा. तिथे पांढऱ्या गळपट्ट्याचा एक निळा खंड्या आहे, त्याची ती उपजात त्याच भागापुरती. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ओहोटीला तो खेकडे धरायला खाली उतरतो. आधी त्याचा आवाज फोनवर दोनदा ऐकवून ठेव, म्हणजे तिची तीच त्याला शोधेल.

तिला तू 'नाही' म्हणून सांगू नकोस, रुसेल. रविवारी मीच तिच्याशी बोलते. इथले दहा म्हणजे तुमच्याकडे साडेआठ, तेव्हा उठलेली असू दे.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
शैला