मोरीवरचा सोनटक्का

लोणावळ्यातली भांगरवाडी असो, गवळीवाडा, वलवण, नाहीतर खाली कामशेत-वडगाव. आमच्या पिढीच्या कुणालाही परसातली मोरी आठवली की तिच्या तोंडाशी सोनटक्काही आठवतो. आंघोळीचं, धुण्याभांड्यांचं पाणी जिकडे वाहत जाई, तिकडे आमच्या आज्यांनी अळू, कर्दळ, केळ आणि सोनटक्का लावलेला असे. पाणी फुकट घालवायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. त्यातून पावसाळ्याच्या संध्याकाळी अख्ख्या आळीला सुवास मिळायचा.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही, कपड्यांना कुबट वास यायचा, भिंती पाझरायच्या. त्याच ओलीत सोनटक्का माणसाच्या खांद्याला लागायचा. तो आलं-हळदीच्या कुळातला, मूळचा पूर्व हिमालयाकडचा. ढगाळ, दमट हवा त्याच्या अंगचीच.

श्रावण लागला की शेंड्यावरच्या हिरव्या कणसातून लांब पांढऱ्या कळ्या डोकवायच्या. त्या दुपार कलल्यावर काढायच्या आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या, हे काम आम्हा मुलांचं. दिवेलागणीला त्या उमलायच्या. दोन फुलं देवाला, एक आजीच्या अंबाड्यात, उरलेली काकू-आत्यांना. झाडावर राहिलेल्या फुलांवर अंधार पडला की लांब सोंडेचे पतंग यायचे. गौरी-गणपतीत तर शेजारच्या बायका सकाळीच सांगून ठेवायच्या, ‘आज कळ्या आमच्यासाठी राखा हो.’ पुढे पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तेव्हा पुण्याला नोकरीला जाणाऱ्या आत्या ओल्या कागदात कळ्या नेऊ लागल्या.

सोनटक्का विकत आणल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नाही. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मलूल होतं, मग त्याचा व्यापार कसा व्हावा? आज आमचा मावळ तालुका ओळखला जातो तो हरितगृहांतल्या गुलाबासाठी. फेब्रुवारीत इथली फुलं परदेशी जातात आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. सोनटक्का मात्र माहेरच्या पिशवीतून सासरी जायचा, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

पुढे घरं पाडून इमारती झाल्या. मोऱ्या आत गेल्या, परसात फरशी आली आणि सोनटक्का गेला. ही हळहळ आम्ही भेटलो की निघतेच. पण तो परत आणणं मुळीच अवघड नाही, म्हणून हे लिहायचं.

मेच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडल्या की दोन-तीन डोळे असलेला गड्डा लावावा. खोल पुरू नये. वर दोन बोटं माती पुरे. खाली कुजलेलं शेणखत, वरून पालापाचोळा. दोन गड्ड्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवावं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम. आमच्याकडे वारा सोसाट्याचा, तेव्हा भिंतीचा आडोसा हवाच, नाहीतर दांडे मोडतात. गच्चीत लावायचा तर कुंडी खोल नको, पसरट हवी, कारण गड्डा आडवा वाढतो. माती सुकू देऊ नये. पहिल्या वर्षी फुलं थोडी आली तरी धीर धरावा. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो बुडातून कापावा, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा होते. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी कमी करावं. झाड मेलं समजून उपटू नये, पुढच्या पावसात ते उठतं.

तीन-चार वर्षांत पुंजका दाटतो. मग खणून निम्मा परत लावावा, निम्मा वाटावा. उरलासुरला गड्डा ओढ्याकाठी मात्र फेकू नये. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर बागेतून सुटलेल्या सोनटक्क्याने पाणथळ जागा व्यापल्या आहेत आणि तिथली मूळची झाडं मागे हटली आहेत.