डोंगर वर आला की भोवतालची जमीन खाली गेली?

वर्ध्याजवळच्या सावंगीत (मेघे) आमच्या लेआउटमध्ये विहीर खोदायला घेतली तेव्हा मी काठाशी जाऊन बघत उभी राहायची. आधी काळी माती, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि त्याखाली टिकावाला दाद न देणारा काळा दगड. "आता खाली सारा पाथरच हाय, बाई," खोदणारे काका म्हणाले. हा पाथर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा, हे मला नंतर वाचून कळलं.

कोडं पडलं ते चिखलदऱ्याला. परतवाड्याहून घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत तोच काळा बेसाल्ट दिसत होता. वर्धा समुद्रसपाटीपासून जेमतेम २३४ मीटर, चिखलदरा १,११८. एकच दगड इथे विहिरीच्या तळाशी आणि तिथे ढगांत, हे कसं? शाळेत हिमालय शिकवला होता : भूखंड एकमेकांवर रेटले, थरांना वळ्या पडल्या, पर्वत उभा राहिला. घाटात मी त्या वळ्या शोधत होते. थर तर जवळजवळ आडवेच!

सह्याद्रीचं एक वेळ समजतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा पठाराचा तुटका काठ; कोकणातल्या आखूड, वेगवान नद्या तो कुरतडत पूर्वेकडे सरकवत आल्या. सातपुड्याची, म्हणजे चिखलदऱ्याच्या डोंगरांची, गोष्ट निराळी. तिथल्या गाविलगडाच्या रांगेच्या पायथ्याशी जमिनीत एक लांबच लांब भेग आहे, भूशास्त्रात तिला प्रस्तरभंग म्हणतात. तिच्या उत्तरेचा भाग उचलला गेला, दक्षिणेचा खचला. खचलेल्या भागावर पूर्णा नदीने गाळ ओतला, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला तर लाव्ह्याच्याही आधीचा, एरवी बेसाल्टखाली दडलेला वालुकाश्म उघडा पडलाय. नर्मदा-सातपुड्याच्या या पट्ट्यातली हालचाल अजून थांबलेली नाही. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप त्याच पट्ट्यातला.

उचललेला भाग तसाच चौकोनी ठोकळा का राहिला नाही, याचं उत्तर चिखलदऱ्याच्या दऱ्यांत डोळ्यांनी दिसतं. उंची वाढली की उतार वाढतो, उतार वाढला की पाण्याला धार चढते. भरीव बेसाल्टचा थर सरळ कड्यासारखा टिकतो. सच्छिद्र थर भुगा होऊन त्याचा उतार बनतो आणि त्यावर झाडी धरते. मग खाली पुन्हा कडा. भीमकुंडाच्या बाजूला उभं राहिलं की कडा-झाडी, कडा-झाडी असे पट्टे मोजता येतात. मी ते बोटाने मोजले आणि प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक पूर, या विचाराने अंगावर काटा आला.

पण डोकं खरं चक्रावलं ते पुढचं वाचून. मोठ्या प्रदेशावरून खडक झिजून गेला की भूकवचावरचा भार हलका होतो आणि माल उतरवलेल्या होडीसारखं ते वर येतं. सगळीकडून सारखा १०० मीटर खडक वाहून गेला तर, पुरेसा काळ मिळाल्यावर, जमीन साधारण ८० ते ८५ मीटर वर उचलली जाते. झीज फक्त दऱ्यांमध्ये झाली तर मधली शिखरं आधीपेक्षा उंचही होऊ शकतात! म्हणजे पाऊस डोंगर खातो आणि त्याच डोंगराला उंचीही देतो. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, तरी पहिल्यांदा वाचल्यासारखंच वाटत राहिलं.

सातपुड्याची ही माती जाते कुठे? मुलताईच्या परिसरात तापी उगम पावते आणि वर्धा नदीही. तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. वर्धा आमच्या जिल्ह्याच्या कडेने वाहत प्राणहितेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगराचा गाळ दोन समुद्रांत.

हल्ली आर्वीवरून तळेगावकडे जाताना मी खिडकीची जागा सोडत नाही. तिथल्या टेकड्यांचे माथे सपाट आहेत, बरेचसे एकाच उंचीचे. त्या उचलल्या गेल्या, की मधली जमीन ओढ्यांनी नेली म्हणून उरल्या? रस्त्याच्या कापात एखादा थर कललेला किंवा तुटून सरकलेला दिसतो का, ते मी शोधते आहे.