मुरुडचा किनारा आणि खेळण्याची खरी किंमत

मुरुड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जंजिरा उभा राहतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. मराठवाड्यातील आपल्या व्यापारी बांधवांना लातूरजवळचे बाजारपेठेचे मुरुड आठवेल. या लेखातील मुरुड मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, समुद्राला लागून वसले आहे. दापोलीहून हर्णैच्या बाजूला निघालेला रस्ता घाट उतरतो आणि पंधरा किलोमीटरांच्या आत आपल्याला नारळी-पोफळींच्या सावलीत आणून सोडतो. गावातील वाडे-घरे, जांभ्या दगडाचे गडगे, वाड्यांतून खेळणारे पाणी आणि पलीकडून सतत ऐकू येणारी गाज, एवढे या गावाचे वैभव. ते पाहायला तिकीट लागत नाही.

भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे आजोळी झाला, पण बालपण गेले मुरुडला. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि वय लहान दिसते म्हणून तेथून परत पाठवला गेला, ही हकीकत आपल्या पिढीने शाळेत वाचलेली आहे. पुढे कर्व्यांनी गावाच्या कामांसाठी 'मुरुड फंड' उभारला. ज्या संस्था त्यांनी स्थापन केल्या त्या शतक उलटले तरी उभ्या आहेत. टिकाऊ गोष्टींवर पैसा आणि श्रम लावण्याची ही वृत्ती गावाच्या दुर्गादेवी मंदिरातही दिसते. तेथील लाकडी खांबांवरचे कोरीव काम पाहताना, एकदा नीट घडवलेले लाकूड किती पिढ्यांना पुरते याचा अंदाज येतो.

आपल्या कुटुंबांना प्रवासात पहिली चिंता भोजनाची असते. मुरुडला घरगुती भोजनाची सोय पुष्कळ ठिकाणी आहे आणि शाकाहारी घरेही आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असेल किंवा कंदमूळ वर्ज्य असेल, तर सकाळीच सांगून ठेवावे. आमसुलाचे सार, फणसाची भाजी, ओल्या खोबऱ्याचे मोदक यांवर चौविहार पाळणाऱ्याचेही उत्तम भागते. शेजारच्या हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव पाहायला पर्यटक गर्दी करतात. ती वेळ टाळून गेल्यास तेथून सुवर्णदुर्ग निवांत पाहता येतो. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या बारा मराठा दुर्गांपैकी तो एक आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर आलो की मात्र दृश्य बदलते. वाळू सपाट आणि घट्ट, त्यामुळे मुलांना धावायला मैदान मोठे. त्या मैदानाच्या कडेला खेळण्यांच्या गाड्या उभ्या असतात. दिव्यांचे भोवरे, आवाज करणाऱ्या बंदुका, साबणाचे फुगे, पातळ प्लॅस्टिकच्या मोटारी, पंख फडफडवणारी फुलपाखरे. हाच माल महाबळेश्वरला असतो, शिर्डीला असतो आणि आपल्या गल्लीतील जत्रेतही असतो. त्यात मुरुडचे काही नसते. मूल हट्ट धरते, आजोबा खिशात हात घालतात आणि पन्नास-शंभर रुपयांत संध्याकाळ शांत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेले, की भरतीने आणून टाकलेल्या रेषेत बाटल्यांच्या झाकणांबरोबर एखादे चाक, पंख किंवा बंदुकीचा दस्ता पडलेला आढळतो.

ही रेषा नीट पाहण्याजोगी आहे. याच पट्ट्यात, आंजर्ले आणि वेळास येथे, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि ग्रामस्थ त्यांच्या घरट्यांची राखण करतात. समुद्रात तरंगणारे प्लॅस्टिक म्हणजे आपले नेहमीचे भक्ष्य, जेलीफिश, असे समजून कासवे ते गिळतात, हे सागरी जीवांच्या अभ्यासकांनी जगभर नोंदवले आहे. मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या आपल्या घरातील मोडके खेळणे कोणाच्या पोटात जाईल, याचा विचार आपल्या अहिंसेत बसतो की नाही? स्वस्त खेळण्याची किंमत आपण गाडीवाल्याला देतो ती पूर्ण नसते. उरलेली कोणीतरी दुसरा चुकवतो.

हिशेबाच्या भाषेतही हे मांडता येते. समजा, शंभर रुपयांचे खेळणे आठ दिवसांत मोडले. त्याचा खर्च दिवसाला साडेबारा रुपये पडला. समजा, सातशे रुपयांचा लाकडी ठोकळ्यांचा संच घेतला आणि मूल आठवड्यातून दोनच दिवस त्याच्याशी खेळले. चार वर्षांत खेळाचे चारशेहून अधिक दिवस झाले, म्हणजे दिवसाला पावणेदोन रुपयांहूनही कमी. शिवाय चार वर्षांनी तो संच धाकट्या चुलतभावाला देता येतो, म्हणजे घसारा वजा जाऊनही मालमत्ता शिल्लक राहते. मोडक्या मोटारीचे अवशिष्ट मूल्य शून्यच. पेढीवर बसून माल पारखणारी आपली माणसे दुकानाच्या खरेदीत हा हिशेब क्षणात करतात. नातवाच्या खरेदीत मात्र तो सहसा करत नाहीत.

चांगले खेळणे महागच असते, असेही नाही, आणि हे समजायला मुरुडसारखे गाव नाही. येथील वाडीत पडलेल्या झावळीच्या पात्यांचे भिरभिरे होते, चष्मा होतो, मनगटी घड्याळ होते. पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर एका मुलाला बसवून दुसऱ्याने ओढले की गाडी झाली. करवंटीत ओली वाळू भरून उपडी केली की बुंदीच्या लाडवांची पंगत मांडता येते. किनाऱ्यालगतच्या काटेरी झुडपांत मिळणारे सागरगोटे आपल्या आजीच्या पिढीने वर्षानुवर्षे खेळले. बिट्टीच्या बिया मात्र विषारी असतात, त्या लहानांच्या हाती देऊ नयेत.

याच तत्त्वावर महाराष्ट्रात बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे 1957 मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची साधने शास्त्रशुद्ध होती, पण खेड्यातील मुलांना न परवडणारी. या दोघींनी बिया, खडे, पाने, काटक्या, मातीची भांडी अशा परिसरातील वस्तूंतून तीच शिकवण दिली. मुलाच्या हाताला आणि बुद्धीला काम मिळते का, हा त्यांचा निकष होता. कळ दाबली की खेळणेच सर्व काही करते आणि मूल नुसते पाहत बसते, अशी वस्तू या निकषावर उतरत नाही, मग तिची किंमत पाच हजार का असेना.

विकत घेण्याजोगे उत्तम खेळणे कोकणात कोठे मिळते, असे कोणी विचारले तर दक्षिणेकडे बोट दाखवावे लागते. मुरुडहून दिवसभराचा प्रवास करून सिंधुदुर्गातील सावंतवाडीला पोहोचता येते. तेथील चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, भाज्या, बैलगाड्या, पाटासारखी सपाट 'ठकी' बाहुली, भातुकलीची भांडी, असा तो संसार आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला पुन्हा जिवंत केली. या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. अशी खरेदी म्हणजे कारागिराच्या घरात पुढच्या पिढीने तोच व्यवसाय करावा, यासाठी दिलेली वर्गणीच.

लाकडाचे म्हणजे निर्दोष, असे मात्र समजू नये. आपल्या घरांनी आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. पहिला रंगाचा. घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. लहान मूल खेळणे तोंडात घालते, म्हणून रंग कोणता वापरला हे विक्रेत्याला विचारावेच. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग सुटतो का, हे पाहता येते. शिसे मात्र अशाने कळत नाही. दुसरा प्रश्न आकाराचा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटा भाग सुमारे सव्वा इंच व्यासाच्या नळीत पूर्ण मावत असेल, तर तो घशात अडकू शकतो. बटणासारख्या सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न खास आपला. कर्नाटकातील चन्नपट्टणची चकचकीत खेळणी प्रसिद्ध आहेत. ती कातकामाच्या यंत्रावर फिरवत त्यांना लाखेचा रंग चढवतात. लाख झाडावरच्या कीटकापासून मिळते आणि ती काढताना असंख्य कीटक मरतात. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. 'नैसर्गिक' हा शब्द वाचून थांबू नये, नैसर्गिक म्हणजे काय ते विचारावे. किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या शंख-शिंपल्यांच्या बाहुल्यांबाबतही हेच. काही जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि वाळूतील रिकामा शंखदेखील एखाद्या संन्यासी खेकड्याचे उद्याचे घर असतो. मुलाला तो दाखवावा, हातात घेऊ द्यावा आणि परत ठेवायला सांगावे. राहिली बंदूक. अनर्थदंडात हिंसादान का गणले, याचा विचार करणाऱ्याला ती विकत घेताना हात आखडावा लागेल.

या अंकाचे पुष्कळ वाचक स्वतः दुकानदार आहेत, म्हणून थोडे काउंटरच्या आतल्या बाजूनेही. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना त्यातून सूट दिलेली आहे. चिन्हाखालील परवाना क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. विनाचिन्ह माल घाऊक बाजारात अजूनही स्वस्तात मिळतो, नफाही अधिक सुटतो आणि शेजारचा दुकानदार तो ठेवतो, ही अडचण खरी आहे. पण तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना विरुद्धराज्यातिक्रम आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन्ही मोजलेले आहेत. राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार आणि खऱ्याच्या नावाखाली खोट्याची विक्री, असा त्यांचा सरळ अर्थ. खोट्या चिन्हाचे खेळणे या दोन्हींत बसते. त्यात ग्राहक तर तीन वर्षांचा. त्याला तक्रारही करता येत नाही.

आपल्या परंपरेत उत्तम खेळण्याचा नमुना आहेच. साप-शिडीचे जुने जैन रूप म्हणजे ज्ञानबाजी, चौऱ्याऐंशी घरांचा पट. पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जाई. महाराष्ट्रात त्याच कुळातला मोक्षपट आहे. एक कापड, चार सोंगट्या आणि दान टाकायला काहीतरी, एवढ्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सतरंजीवर बसत. सत्कर्माने वर, दुष्कर्माने खाली, हे उपदेश न करता कळे. कवड्या प्राण्याच्या असतात, म्हणून दानासाठी अर्धे केलेले चिंचोके घ्यावेत. पट घरीच जाड कापडावर रंगवावा. त्यातील घरे मुलांकडून लिहून घेतली, तर खेळ सुरू होण्याआधीच निम्मे शिक्षण झालेले असते.

परिग्रह-परिमाणाचा पहिला धडाही येथेच देता येतो. मुलाच्या खेळण्यांची संख्या त्याच्याशी बोलून ठरवावी. नवे एक आले की जुने एक, चांगल्या स्थितीत असतानाच, दुसऱ्या मुलाला द्यावे. देण्यासाठी ते चांगल्या स्थितीत उरले पाहिजे, म्हणून मूल ते जपते आणि आपणही घेतानाच टिकाऊ घेतो.

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुरुडला जाण्याचा बेत असेल, तर सामानात एक दोरी, एक लाकडी भोवरा आणि घरातील दोन जुन्या वाट्या ठेवाव्यात. ओहोटीची वेळ गावात विचारून घ्यावी. बाकी वाळू, पाणी, झावळ्या आणि विरी तेथे आहेतच. मुलांना दोन तास मोकळे सोडावे आणि आपण गडग्यावर बसून पाहावे.