सुटलेला बंद

सीताबर्डीला भाजी आणायला गेलेला मनुष्य पिशवीतून पुस्तके घेऊन परत येतो, हे आमच्या घरात आता कोणाला नवे राहिलेले नाही. लग्नानंतर वर्षभर आमच्या सौभाग्यवती रागावल्या. मग त्यांनी भाजी स्वतःच आणायला सुरुवात केली. माझी बर्डीवर जाण्याची सबब तेवढी गेली. जाणे काही थांबले नाही.

जुन्या पुस्तकांच्या नादाविषयी लिहायला बसले की फुशारकीच फार होते. यादव माधव काळे यांचा १९३४ सालचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ मला एका हातगाडीवर परीक्षेच्या गाइडांखाली कसा सापडला, ही हकीकत मी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली आहे की पुढचे वाक्य आता मुलेच आधी म्हणतात. तेव्हा आज त्याच्या उलट गोष्ट सांगतो. ती मी पाहुण्यांना सांगत नाही.

१९६८ साल. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. इतवारीतल्या एका रद्दीवाल्याकडे महालातल्या कुठल्याशा वाड्याची आवराआवर होऊन माल आला होता. फुटक्या समया, पत्र्याचे डबे, आणि त्यांच्या मागे विटक्या लाल रुमालात बांधलेले मोडी कागदांचे एक दप्तर. मी गाठ सोडली. आत दीड-दोनशे कागद असतील.

“घ्या ना गुरुजी, पूरा गठ्ठाच घेऊन जा,” म्हातारा म्हणाला. “साठ रुपये द्या.”

साठ रुपये म्हणजे आमच्या बिऱ्हाडाचे दीड महिन्याचे भाडे. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. मला मोडीचे एक अक्षर येत नव्हते. जवळ जेमतेम दहा रुपये होते, म्हणून मी निवड केली ती लग्नाला मुलगी बघायला गेलेल्या उतावळ्या मुलासारखी, रूप पाहून. एका कागदावर ठसठशीत गोल शिक्का होता, तो घेतला. दुसऱ्यावरचे अक्षर मोत्यासारखे होते, तो घेतला.

“तोडून काऊन नेता जी? एकाच घरचे कागद हायेत ते,” म्हातारा म्हणाला. मी ऐकले नाही. चांगले तेवढे आपण घेतले, याच समाधानात सायकलवर टांग मारली.

नागपूरच्या कागदाचे मोल किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असेही नाही. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारी कोठ्यांत राहिले, म्हणून सरदेसायांना १९३० ते १९३४ या काळात त्यातून ४५ खंड काढता आले. आमचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, आणि दहाच वर्षांनी, १८६४ मध्ये, महालातला राजवाडा जळाला. जुन्या नागपूरचा माग आता पुष्कळसा घराघरांच्या माळ्यांवर शोधावा लागतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यातली पानिपताच्या वेळची पत्रेही वाईच्या एका घरातच मिळालेली. हे सगळे मी वाचलेले होते. नव्हे, वर्गात मुलांना सांगतही होतो!

पुढे मोडी शिकलो. कोर्टातले एक निवृत्त कारकून शेजारी राहत, ते संध्याकाळी शिकवीत. मोडीची पंचाईत अशी की आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला लोंबणारी अक्षरे बोरू न उचलता लिहीत सुटायचे. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. नुसते अक्षर लागायलाच मला दोन वर्षे लागली.

शिक्क्याचा कागद निघाला विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दलचा तंटा. मोत्यासारख्या अक्षराचा कागद मात्र पत्र होते. शके १७७६, चैत्र; म्हणजे राज्य खालसा झाल्यानंतरचे पहिलेच दिवस. भोसल्यांच्या पदरी असलेल्या एका कारकुनाने वडील भावाला लिहिलेले. चाकरी सुटली आहे, मागचा पगार मिळेल की नाही कळत नाही. मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले आहे. वरपक्षाला कळवून तिथी पुढे ढकलावी, की घर गहाण ठेवून उरकून घ्यावे? घर गहाण ठेवावे तर...

आणि तिथे कागद संपला.

जुनी पत्रे लांबट पट्ट्यांवर लिहीत. एका पट्टीला बंद म्हणत, आणि एक बंद संपला की त्याला खळीने दुसरा चिकटवीत. खळ वाळली, कसर लागली, की बंद सुटतात. माझ्या बंदाच्या खालच्या कडेला खळीचा पिवळा डाग स्वच्छ दिसत होता. पुढचा बंद त्याच रुमालात असणार. भावाचे उत्तरही कदाचित त्यातच असणार.

तशीच सायकल काढली आणि इतवारी गाठली. म्हाताऱ्याला दप्तर पक्के आठवत होते.

“आता काय राहते गुरुजी? स्टांपवाले कागद एका साहेबानं नेले.” ते साहेब तिकिटे जमवणारे; स्टांप तेवढा कापून घेत, लिहिलेला भाग टाकून देत. “बाकीचे पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेले. तुम्ही चांगले चांगले निवडून नेले, मंग बाकीच्याले कोन घेते?”

मला उत्तर सुचले नाही.

पुस्तकाचे असे होत नाही. जेंकिन्सचा १८२७ मध्ये कलकत्त्याला छापलेला नागपूर राज्यावरचा अहवाल मला विकत मिळाला नाही म्हणून मी हळहळतो खरा, पण तो कुठल्या तरी ग्रंथालयात आहे, जाऊन वाचता येतो. या पत्राची दुसरी प्रत कोण काढणार होते?

त्यानंतर मी दप्तर कधी फोडले नाही. पुढे १९७२ चा कायदा झाला; पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरले आणि ते विकायला परवाना लागू लागला. रद्दीवाल्याला परवाना विचाराल तर तो तराजूचा दाखवील! १९७९ मध्ये एक दप्तर चारशे रुपयांना आले, तेव्हा मी घरी नुसताच गप्प बसून राहिलो. सौभाग्यवतींनी पाटल्यांसाठी साठवलेले पैसे आणून पुढ्यात ठेवले. ती रात्र आम्ही दोघांनी कागद उलगडण्यात घालवली. पहाटे त्यांनी एवढेच विचारले, “त्या मुलीचं लग्न झालं का, ते आहे का हो यात?”

नव्हते.

माझ्या पाकिटात त्या बंदाच्या रुंदीएवढा कापलेला एक दोरा असतो. कुठे मोडी कागद दिसले की आधी दोरा लावून पाहतो, मग अक्षर. इतवारीतल्या त्या दुकानावर आता म्हाताऱ्याचा नातू बसतो. गेल्या महिन्यात त्याने लांबूनच हाक मारली, “आजोबा, दोरा आणला का? या, एक गठ्ठा बाजूले काढून ठेवला तुमच्यासाठी. फोडला नाही.”