कोरे रकाने

अब्बा तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी होते. त्यामुळे गोरेगावच्या आमच्या घरात जंगल यायचे ते वहीतून. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. कोणी किती पुडे आणले, कोणाला किती द्यायचे. रात्री कंदिलाजवळ बसून आम्ही भावंडे बेरजा तपासायचो. प्रत्यक्ष जंगल आम्ही पाहिले ते मुरदोलीकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून.

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या वह्या चाळताना एका जुन्या हंगामात एक नाव अर्ध्यावरच थांबलेले दिसले. पुढचे सगळे रकाने कोरे. त्या बाईचे यजमान अजून आहेत, हे कळल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. मामा म्हणाले, "उद्या पहाटे या."

नागझिऱ्याच्या आत गाडीतून पाय खाली ठेवायची मुभा नाही. आम्ही चाललो ते अलीकडच्या, गावाच्या जंगलात. आफ्रिकेत क्रुगरच्या रानात पाहुण्यांना पायी नेतात, तेव्हा पुढे बंदूकवाला असतो. मामांच्या खांद्यावर फक्त कुऱ्हाड.

"खाली पाहा, बाबू. वर पाहून काही कळत नाही."

रानडुकरांनी उकरलेली माती, नीलगायीच्या लेंड्यांचा ढीग. रोज तिथेच येते म्हणे. नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाचा पंजा. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, वाघ ती आत ओढून चालतो. ठसा लांबट, म्हणजे मादीचा. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या होत्या. त्यांतली का, असे आम्ही विचारले. "पाय पाहून गाव कसं सांगू?" मामा म्हणाले.

पुढे धुळीत उघडे पाऊल दिसले. टाच, तळवा, पाच बोटे. "कोणी बाई गेली वाटतं," आम्ही म्हणालो. मामा हसले नाहीत. त्यांनी हातभर पुढचा दुसरा ठसा दाखवला. त्यात बोटांपासून दूर लांब नखांच्या खुणा होत्या. मागचे पाऊल माणसासारखे, पुढचे अस्वलाचे. जवळच फोडलेले वारूळ होते, आणि विष्ठेत टेंभराच्या बिया. ज्याची पाने बाया तोडतात त्याचीच फळे अस्वल खाते, दोघांचा महिनाही एकच.

"वाघ दिसला की माणूस थांबते. अस्वल वाकून असते, आमच्या घरचीही वाकून होती." मामा इतकेच बोलले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुमचे अब्बा हंगामाचे पूर्ण पैसे घेऊन आले होते. बसले, पाणी पिले, गेले."

वहीत त्या पैशांची नोंद नाही. आम्ही बेरजा तपासत होतो, तरी आम्हाला कधी कळले नाही.

तेवढ्यात नाल्यापलीकडे वानर खाकरले. मग चितळ ओरडले. मामांनी आम्हाला मागे घेतले, मोठ्याने खोकले आणि उगाच आमच्याशी पावसापाण्याचे बोलू लागले.

परतताना वाटेत बाया भेटल्या. डोक्याला फडकी, कमरेला ओटी. मामांनी नाल्याकडे हात करून नाही म्हटले. त्या काही न विचारता दुसऱ्या अंगाने जंगलात शिरल्या.